पंपघरातला गुरुवार

गुरुवारी साडेसातला वीब्रेन पंपघर उघडतो.
जुन्या डिझेलचा वास, चार खुर्च्या, एक उलटी बादली.
बादली माझी, कारण या वाचनात
मी सगळ्यांत शेवटी आले.
गावच्या वाचनालयात झेरॉक्स मीच काढते,
कधी कधी पानांचे कोपरे कापले जातात
आणि आउक्ये ते शब्द पेन्सिलीने पुरे करते.
चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई,
तिला अर्धवट काही बघवत नाही.

या वेळी अकरा पानं. जुना निबंध.
कुठल्याशा कारखान्याचं गोदाम,
माल का साठतो, का संपतो,
आणि सातव्या पानावर मध्येच एक वाक्य:
तुम्ही ढकलता ते परत येतं, फक्त उशिरा येतं,
इतक्या उशिरा, की तुम्हाला ओळखू येत नाही.

यॉरित म्हणाला, "माझ्या सासूसारखं."
हसलो. कॉफी ओतली.

मग आउक्येने वीजबिलाचं पाकीट उलटं केलं
आणि गोल काढला.
पाणी चढतं, बाण, पंप चालतो, बाण,
खालचं पीट सुकतं, कुजतं, हवेत निघून जातं, बाण,
जमीन बसते,
आणि पाणी पुन्हा चढलेलंच.

"चढलेलं नाही," सेनाइत म्हणाली.
ती मोजणी खात्यातली. अस्माराच्या डोंगरावरून
फ्रीसलँडला आली तेव्हा तिला वाटलं होतं,
इथे मोजायचं काय, सगळं सपाट.
"पाणी तिथेच आहे. आपण खाली गेलो.
मागच्या वर्षी आठ मिलिमीटर."
आठ मिलिमीटर तिने बोटांत धरून दाखवले,
मिठाची चिमूट धरावी तसे.

मला चर्चच्या पायऱ्या आठवल्या.
चर्च लाकडी खांबांवर उभं, ते हलत नाही.
आईच्या लग्नाच्या फोटोत दोन पायऱ्या,
माझ्या वेळी चार. आता पाच, आणि एक कठडा.
लहानपणी आम्हाला वाटायचं,
चर्च वाढतंय.

यॉरित तापला. "म्हणजे चूक कुणाची?
माझ्या गाईंची? त्यांना कोरडं रान नको?"
आउक्ये म्हणाली, निबंधात चूक हा शब्दच नाही.
"मग कशाला वाचायचा असला निबंध!"
कुणी उत्तर दिलं नाही. वीब्रेन
दुसऱ्या बाणाकडे बघत होता, पंप लिहिलेल्या.
एकतीस वर्षं तो त्या बाणावर उभा आहे.
त्याआधी त्याचा बाप. वाफेच्या इंजिनाच्या काळी आजा.
गावाने तिघांनाही घड्याळ दिलं,
रात्री-बेरात्री उठून
आमचं अंथरूण कोरडं ठेवलं म्हणून.

तेवढ्यात भिंतीवरची पेटी खट् वाजली
आणि पंप आपोआप सुरू झाला.
फरशी थरथरली, कॉफीवर बारीक वळ्या उठल्या.
त्या आवाजात बोलता येत नाही.
सहा मिनिटं. वीब्रेन खिडकीतून
कालव्याकडे बघत राहिला,
दुसऱ्याच्या वहीत आपलंच अक्षर सापडावं तसा.

पंप थांबल्यावर यॉरितला म्हणाला,
"तुझं मागचं कुरण. तिथं दोन बोटं पाणी वर ठेवू का?
उन्हाळ्यापुरतं. पाणी मंडळाशी मी बोलतो."
यॉरितने पाकीट उचललं, घडी केली, खिशात घातलं.
"उशीर झाला," म्हणाला, आणि गेला.
त्याच्या सायकलचा दिवा बांधावरून लांब जाताना दिसला,
मध्येच थांबला, कुरणाच्या फाटकापाशी,
बराच वेळ.

पुढच्या गुरुवारी तो सगळ्यांच्या आधी हजर.
"मी वाचलेलं नाही," दारातच म्हणाला.
बूट काढले. मोजे घोट्यापर्यंत ओले.
वीब्रेनने खुर्ची हीटरजवळ ओढून दिली.
सेनाइतने विचारलं, "किती?"
त्याने दोन बोटं वर केली,
मग जरा विचार करून
एक मुडपलं.